मदत हवी आहे: डिझेल सोडायचंय. सीएनजी, एलएनजी, मेथेनॉल की डीएमई?

उदगीरकर
नमस्कार मंडळी. डिझेलनं जीव खाल्लाय. बिल आलं की वडील चहाच्या आधी मलाच ऐकवतात. परवा एक एजंट येऊन गेला. म्हणे सीएनजी (दाबून भरलेला वायू), एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला वायू), मेथेनॉल (एक अल्कोहोल), डीएमई (डायमिथाइल ईथर, डिझेलसारखं पेटणारं इंधन), हे सगळं एकाच नैसर्गिक वायूपासून निघतं, कोणतंही घ्या. एकाच म्हशीचं दूध असेल तर दही घ्यावं का तूप, एवढंच सांगा. रोज १०० लिटर लागतं. सोमवारपर्यंत निर्णय द्यायचाय.

मोसंबीगाडी, जालना
मॉडेल कोणतं? रूट कोणता? माझ्या दोन पिकअप सीएनजीवर आहेत, सुखी आहे. २०० बार दाबाची टाकी जागा खाते आणि दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, तेवढं सोडलं तर डोळे झाकून घ्या.

सिंथगॅस
डिझेल इंजिनात सीएनजी आपोआप पेटत नाही, स्पार्क तरी द्यावा लागतो नाहीतर थोडं डिझेल तरी. त्यापेक्षा डीएमई बघा. सीटेन (इंधन दाबाखाली किती सहज पेटतं त्याचा आकडा) ५५ च्या वर, आणि रेणूत कार्बन-कार्बन बंधच नाही, म्हणून काजळी जवळपास नाहीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर काम झालंय.

मोसंबीगाडी, जालना
आणि भरायचं कुठं? प्रयोगशाळेच्या दारात रांग लावू? शिवाय ते रबराचे सील खातं, वंगण म्हणून शून्य. इंजिनातल्या इंधनपंपाचं वाटोळं.

सिंथगॅस
सील बदलता येतात. नको असेल तर जीटीएल डिझेल, म्हणजे वायूपासूनच केलेलं द्रव डिझेल. कतारचा पर्ल प्रकल्प दिवसाला १,४०,००० बॅरल काढतो.

गोदाकाठ
कतारहून उदगीरला पाइप टाकताय का मालक?

उदगीरकर
अहो, मी गाडी कुठं म्हणलो? डाळ मिलचा ड्रायर आहे, तुरीचा.

मोसंबीगाडी, जालना
गाडी नाही असं तरी कुठं म्हणलात?

बर्नरवाला
आता बोलू. ड्रायर वर्षभर चालतो का? जाळाची हवा थेट डाळीला लागते का मधे हीट एक्स्चेंजर (धूर वेगळा ठेवून फक्त उष्णता देणारा भाग) आहे?

उदगीरकर
पावसाळ्यात नि ढगाळ असलं की चालवतो, नाहीतर गच्चीवरच वाळते. हवा थेट लागते. का?

बर्नरवाला
मग एलएनजी कटाप. ते उणे १६२ अंशांवर ठेवावं लागतं. ड्रायर बंद असला तरी टाकीत उकळत राहतं, तुमचा पैसा हवेत. डिझेल लिटरला साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता देतं, म्हणजे तुमचे रोजचे ३६०० झाले. त्यासाठी सीएनजी साधारण ७५ किलो, एलपीजी ७८, डीएमई १२५, मेथेनॉल १८० किलो. म्हणजे मेथेनॉल २२८ लिटर! दर तुम्ही टाका. आणि थेट हवेचा ड्रायर असेल तर डिझेलच्या धुराचा वास डाळीला लागतच असणार.

उदगीरकर
व्यापारी तेच म्हणत होता. आम्हाला वाटलं भाव पाडायला बोलतोय.

गोदाकाठ
टरफल जाळा की! घरचं इंधन सोडून गॅसमागं कशाला पळता? माझ्या मेव्हण्यानं सोयाबीनच्या भुस्कटाचे ब्रिकेट (दाबून केलेले ठोकळे) वापरून...

उदगीरकर
टरफल नि चुनी जनावरांना जाते, दोन पैसे येतात. जाळू कशाला?

नवखा_लातूर
मधेच विचारतो. सीएनजी कारमध्ये डिकीत बॅग बसते का?

बर्नरवाला
नवीन धागा काढा हो. उदगीरकर, पाइपचा गॅस दारात आलाय का आधी विचारा. नसेल तर सध्या एलपीजीच सरळ पडेल. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्यूटेन, थोड्या दाबातच द्रव होतो. पुढं पाइप आला तर बर्नरचा जेट (गॅस सोडणारं बारीक तोंड) बदलायचा, कारण एलपीजीच्या एका घनमीटरात नैसर्गिक वायूच्या अडीचपट उष्णता असते. तोच जेट ठेवाल तर जाळ नीट होणार नाही. एजंटनं काय सुचवलं होतं?

उदगीरकर
मेथेनॉल. लिटरला डिझेलपेक्षा लईच स्वस्त म्हणाला.

बर्नरवाला
लिटरला असेल, उष्णतेला नाही. वर आकडा दिलाय, दुपटीहून जास्त लागतं. शिवाय विष आहे ते. उन्हात ज्योत दिसत नाही, दारू समजून गड्यानं घोट घेतला तर डोळे जातात. खाण्याच्या मालाजवळ नकोच.

उदगीरकर
बरं. मग दिलेला ॲडव्हान्स परत मागायला काय कारण सांगू?

मोसंबीगाडी, जालना
ॲडव्हान्स दिलासुद्धा? सोमवार सोमवार काय करत होता राव!