शब्दचर्चा: 'दे ट्रॅव्हल वेल' आणि दुसऱ्याचं मैदान भरून टाकणारी माणसं

शमिका
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे आणि एका वाक्यावर अडले आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाबद्दल निवेदक म्हणतो, 'देअर फॅन्स ट्रॅव्हल वेल.' मी लिहिलं होतं, 'त्यांचे वारकरी कुठेही पोचतात.' तपासनिसांनी ते खोडून 'त्यांचे चाहते चांगला प्रवास करतात' असं केलं. मराठीत प्रवास चांगला झाला म्हणजे गाडी वेळेवर सुटली आणि बसायला जागा मिळाली. इथे तो अर्थ अजिबात नाही.

प्रसंग 9 सप्टेंबर 2000 चा आहे. साउथ बेंड, इंडियाना इथे, तिथल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या घरी, नोत्र दाम विरुद्ध नेब्रास्का. 80,000 च्या मैदानात पाहुण्यांच्या लाल कपड्यांतले 25,000 तरी असावेत असा तेव्हाचा अंदाज. लगेच पुढच्या वाक्यात 'टेकओव्हर' आहे, म्हणजे पाहुण्या प्रेक्षकांनी यजमानांचं मैदान ताब्यात घेणं, त्यालाही शब्द हवा. मर्यादा दोन ओळींची, ओळीत जास्तीत जास्त 42 अक्षरं.

भीमातीर
वारकरी नको, तपासनिसांचं तेवढं बरोबर आहे. वारकरी आपल्या विठोबाकडे जातो. हे लोक दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या दैवतासमोर आपला जयघोष करायला जातात. याला मराठीत तयार शब्द आहे: मुलूखगिरी.

जुनाकोश
मुलूखगिरीत चौथाई आली, लूट आली. ही माणसं खिशातून पैसे घालून जातात. शिवाय शब्द अरबी-फारसी. आपल्याकडे 'सीमोल्लंघन' असताना तिकडे कशाला जायचं? पाऊस सरला, दसरा झाला की फौजा बाहेर पडायच्या. कॉलेज फुटबॉलचा हंगामही ऑगस्टच्या अखेरीला सुरू होऊन नोव्हेंबरात संपत येतो. ऋतूसुद्धा जुळतो.

भीमातीर
फारसी म्हणून टाकायचं तर 'मैदान'ही टाका, मग सामना कुठे खेळवणार? आणि मुलूखगिरीतला 'गिरी' दादागिरीतल्यासारखा नुसता प्रत्यय नाही. फारसीत 'गीर' म्हणजे धरणारा, काबीज करणारा. मुलूख काबीज करणं हाच शब्दाचा अर्थ आहे. शमिकाताईंचे दोन्ही शब्द त्या एकात येतात.

लिंकनवासी
शब्द निवडण्याआधी मूळ वाक्याचा अर्थ पाहू. 'ट्रॅव्हल वेल' हा मुळात हिशेबाचा शब्द आहे, प्रवासाशी त्याचा संबंध थोडाच.

हंगाम संपल्यावर तिसऱ्याच गावात बाउल सामने होतात. कुणाला बोलवायचं हे ठरवताना आयोजक बघत आले ते हेच: या संघामागून किती माणसं येतील आणि किती रात्री हॉटेलात राहतील. जो संघ माणसं आणतो तो 'ट्रॅव्हल्स वेल'. उलट उदाहरण 1 जानेवारी 2011 च्या फिएस्टा बाउलचं. कनेटिकट विद्यापीठाला करारानुसार 17,500 तिकिटं उचलावी लागली. सामना ऍरिझोनात, देशाच्या दुसऱ्या टोकाला. बहुतेक तिकिटं अंगावर पडली आणि तोटा दहा लाख डॉलरच्या वर गेला. तशाच जागा पुनर्विक्रीत कितीतरी स्वस्त मिळत असताना विद्यापीठाच्या खिडकीवर कोण जाईल? म्हणजे लोक मैदानात पोचले तरी विद्यापीठाचं तिकीट विकलं जातंच असं नाही.

या हिशेबाचा सगळ्यात बोलका पुरावा क्लेमसन विद्यापीठाचा. 1977 साली अटलांटाचं जॉर्जिया टेक विद्यापीठ त्यांच्याशी होणारे सामने बंद करणार असं दिसलं, तेव्हा क्लेमसनचे पाठीराखे अटलांटाला जाताना दोन डॉलरच्या नोटा घेऊन गेले. प्रत्येक नोटेवर केशरी शाईत वाघाच्या पंजाचा, म्हणजे क्लेमसनच्या चिन्हाचा, शिक्का. दोन डॉलरची नोट 1976 मध्येच पुन्हा निघाली होती आणि व्यवहारात क्वचित दिसायची. हॉटेल, खानावळ, पेट्रोलपंप, जिथे तिथे गल्ल्यात पंजाची नोट. धंदा कुणामुळे झाला हे वेगळं सांगावं लागलं नाही. ती रीत अजून चालू आहे.

म्हणून 'प्रवास' हा शब्दच ओळीतून काढा. 'संघामागे माणूस लोटतो', 'संघामागे माणूस हलतो' अशा अंगाने जा.

राऊ
माणूस लोटतो छान आहे, पण नाम हवंच असेल तर 'वऱ्हाड' घ्या. घोळक्याने जायचं, एका रंगाचे कपडे, सोबत वाजंत्री (विद्यापीठाचा बँडही जातोच), आणि यजमानाने जागा करून द्यायची हे दोघांना मान्य. पाहुण्यांसाठी राखलेल्या जागेलाही शब्द हाताशी आहे: जानवसा. संस्कृतात जन्य म्हणजे नवऱ्या मुलाचे सोबती, त्यांचा वास तो जन्यवास, त्यावरून जानवसा.

मोर्णाकाठ
'नेब्रास्काचं वऱ्हाड' चालेल, 'नेब्रास्काचे वऱ्हाडी' चालणार नाही. आमच्याकडे वऱ्हाडी म्हटलं की अकोला-अमरावतीचा माणूस आणि त्याची बोली.

तळटीप
जानवसा पटला, पण अर्धाच. अशा सामन्यांत पाहुण्यांचे दोन गट असतात आणि त्यांना एकच शब्द लावला तर गोंधळ होतो.

पहिला गट ठरलेल्या वाट्याचा. दोन विद्यापीठांच्या करारात पाहुण्यांसाठी काही हजार तिकिटं राखलेली असतात, बहुधा एका कोपऱ्यात नाहीतर वरच्या मजल्यावर. ती पाहुण्या विद्यापीठाकडे जातात आणि ते देणगीदारांच्या ज्येष्ठतेप्रमाणे वाटतं. हा जानवसा.

दुसरा गट यजमानांच्याच जागांवर बसलेला. यजमानांचा हंगामी तिकीटधारक मोठ्या नावाच्या एका सामन्याचं तिकीट विकतो आणि त्यात हंगामाच्या खर्चाचा चांगला भाग वसूल करतो. नोत्र दाममध्ये माजी विद्यार्थ्यांना तिकिटं सोडतीने मिळतात. 2000 साली तीच दलालांमार्फत आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतून फिरली. 2017 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाची टीम तिथे आली (रंग तिचाही लाल, 20-19 ने जिंकली) तोवर पुनर्विक्री फोनवर आली होती, त्यामुळे लाल रंग आणखी सहज पसरला. म्हणून दुसऱ्या गटासाठी 'ओसरी' घ्या. ओसरी दिली आणि पाहुण्याने हातपाय पसरले, हे मराठी माणसाला वेगळं समजावावं लागत नाही.

'काळाबाजार' मात्र लिहू नका. तिथे पुनर्विक्री बहुतेक ठिकाणी कायदेशीर आहे. 'तिकीट फिरवलं' म्हणा.

राऊ
ओसरी तर यजमानाने स्वतः दिलेली असते, म्हणजे ती पहिल्या गटाला लागू. दुसऱ्या गटाचं तसं नाही. घरातल्यांनी आपापल्या खोल्या भाड्याने दिल्या, असं झालं ते.

लिंकनवासी
राऊ यांचं बरोबर आहे, आणि यजमान विद्यापीठांना डाचतं ते हेच. खोली बंद करायचे त्यांचे उपाय तीन. मोठ्या सामन्याचं सुटं तिकीट न विकता दोन-तीन कमी मागणीच्या सामन्यांसोबत गठ्ठ्याने विकायचं. सुरुवातीची विक्री राज्याबाहेरच्या पत्त्यांना बंद ठेवायची. आणि तिकीट दुसऱ्याच्या नावे करण्यावर मुदत घालायची. पहिला उपाय हमखास फसतो: पाहुणा गठ्ठा घेतो, हवा तो सामना बघतो आणि बाकीच्या जागा रिकाम्या राहतात. विद्यार्थ्यांच्या जागा तेवढ्या ओळखपत्रावर असतात, म्हणून त्या शेवटपर्यंत घरच्या राहतात. पडद्यावर नीट पाहिलंत तर लाल रंग विद्यार्थ्यांच्या कडेला येऊन थांबलेला दिसेल.

नेब्रास्काच का, तर तिथे मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. अख्खं राज्य एका संघामागे आहे. विद्यापीठाचं लिंकन गावातलं घरचं मैदान 1962 पासून प्रत्येक सामन्याला विकलं गेलेलं, घरी तिकीट मिळणं कठीण, म्हणून माणूस बाहेरचं तिकीट शोधतो. आणि लिंकन ते साउथ बेंड साधारण 600 मैल असले तरी महामार्ग एकच, 80 क्रमांकाचा.

अनिकेत_मेलबर्न
आपल्याकडचं उदाहरण आहे की. 23 ऑक्टोबर 2022, मेलबर्नला भारत-पाकिस्तान, 90,293 प्रेक्षक, जिकडे तिकडे निळा रंग. त्याला आपण 'घरच्यासारखं वातावरण' म्हणतो. तेच लिहा.

तळटीप
त्या निळ्यातले बरेच मेलबर्न-सिडनीत राहणारे होते. हा फरक कॉलेज फुटबॉलमध्येही आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं मैदान शिकागोला लागून एव्हान्स्टनमध्ये. तिथे नेब्रास्का, मिशिगन, ओहायो स्टेटचे रंग भरतात ते शिकागोत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांमुळे. नॅशव्हिलला व्हँडरबिल्टच्या घरी टेनेसीचा केशरी रंग दिसतो, त्यातले कित्येक नॅशव्हिलचेच. ते कुठून कुठे गेलेच नाहीत. वऱ्हाड, मुलूखगिरी, सीमोल्लंघन, तिन्ही शब्द त्यांच्याबाबतीत चुकतात. 'पाठीराखे' तेवढा टिकतो.

जुनाकोश
पाठीराखा चांगला. चाहता घरी बसूनही चाहता असतो. पाठ राखायची तर जागेवर हजर राहावं लागतं.

शमिका
'पाठीराखे' घेते. आता 'टेकओव्हर'. मनात 'मैदान मारलं' आहे.

तळटीप
ते नको! मैदान मारलं म्हणजे जिंकलं. नेब्रास्का त्या दिवशी जादा वेळेत 27-24 ने जिंकली म्हणून इथे खपून जाईल, पण 7 सप्टेंबर 2019 आठवा. बोल्डरला कोलोराडोच्या मैदानात लालच लाल, मध्यंतराला नेब्रास्का 17-0 ने पुढे, आणि शेवटी कोलोराडो जादा वेळेत 34-31 ने जिंकली. मैदान भरलं पाहुण्यांनी, मारलं यजमानांनी.

टेकओव्हरची खरी खूण आवाजात आहे, रंग पुरेसा नाही. घरचा संघ चढाई करत असताना घरचे प्रेक्षक गप्प राहतात, म्हणजे क्वार्टरबॅकची, चढाई चालवणाऱ्या खेळाडूची, हाक बाकीच्यांना ऐकू जाते. पाहुण्यांनी नेमका तेव्हाच गलका केला की घरच्या संघाला आपल्याच अंगणात मुक्या खुणांवर खेळावं लागतं. क्वार्टरबॅक पाय उचलून इशारा देतो, पुढच्या फळीतला, मागे वळून पाहणारा गार्ड शेजारच्या सेंटरला थोपटतो, सेंटर मनात ठोका मोजून चेंडू मागे देतो. फळीच्या कडेला उभ्या टॅकलला हाक नाही, तो डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडूवर नजर ठेवतो आणि क्षणभर उशिरा उठतो. उशीर टाळायला आधी हलला तर 'फॉल्स स्टार्ट'चा दंड, पाच यार्ड मागे. हे यजमानाचं होतं तेव्हा टेकओव्हर झालं. म्हणून 'मैदान परकं केलं' लिहा.

भीमातीर
'परकं केलं' उत्तम, मुलूखगिरी मागे घेतो. डॅलसच्या टेक्सस-ओक्लाहोमा सामन्याला मात्र यातलं काहीच लागू नाही. कॉटन बाउल मैदान 50 यार्डांच्या रेषेवर सरळ दुभागलेलं, एकीकडे केशरी, एकीकडे किरमिजी. कुणाचंच मैदान परकं होत नाही. त्याला 'त्रयस्थ मैदान' म्हणतात तेही बरोबर वाटत नाही, कारण त्रयस्थ तिथे कुणीच नसतो.

मोर्णाकाठ
आवाजाचंच चाललंय तर 'बारावा माणूस' का नाही? अकरा खेळणारे, बारावा प्रेक्षक.

जुनाकोश
मराठी वाचकाला बारावा म्हणजे क्रिकेटमधला पाणी घेऊन येणारा राखीव खेळाडू. अर्थ उलटा होईल.

लिंकनवासी
मुळात तो राखीव खेळाडूच होता. 2 जानेवारी 1922, डॅलस. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे खेळाडू जायबंदी होत गेले. इ. किंग गिल फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळला होता आणि त्या दिवशी वार्ताहरांच्या कक्षात बसला होता. प्रशिक्षकांनी त्याला खाली बोलावलं. त्याने पोशाख चढवला आणि सामना संपेपर्यंत कडेला तयार उभा राहिला. ए अँड एम 22-14 ने जिंकलं, त्याला उतरावं लागलं नाही. तिथले विद्यार्थी अजूनही सामनाभर उभे राहतात ते 'मी तयार आहे' या अर्थाने. क्रिकेटचा बारावा आणि हा बारावा सख्खे भाऊ आहेत.

भीमातीर
सख्खे कसले? क्रिकेटचा बारावा संघाच्या यादीत असतो, गिल यादीबाहेरचा.

शमिका
अहो, ओळी आज रात्री द्यायच्या आहेत! सध्या असं आहे:
'नेब्रास्कामागे माणूस लोटतो,
यजमानांचं मैदान परकं होतं.'
पाठीराखे यात बसलेच नाहीत, ते पुढच्या वाक्यात घेते. पुढचं दृश्य वाहनतळावरचं, पिकअपच्या मागे चूल मांडून जेवण. 'टेलगेट'ला काय?

राऊ
फाळका. ट्रकवाल्यांचा रोजचा शब्द.

मोर्णाकाठ
'माणूस लोटतो' आमच्याकडे जत्रेलाच म्हणतात. वऱ्हाड का सोडलं?

लिंकनवासी
पिकअपची झडप खाली पडते, तिला फाळका अचूक. पण तिथे अर्ध्या गाड्या एसयूव्ही, त्यांची झडप वर उघडते. आणि वाक्यात झडप नाही, जेवण आहे. सामन्याच्या चार-पाच तास आधी वाहनतळ भरतो, कोळसा पेटायला अर्धा तास, आत जायच्या तासभर आधी विस्तव विझवावा लागतो. गरम राख गाडीखाली लोटली तर आग लागते, म्हणून तिच्यासाठी लोखंडी पिंप ठेवतात. याला 'अंगतपंगत' म्हणा.

जुनाकोश
अंगतपंगतीत प्रत्येकजण आपापला डबा आणतो. तिथे तर विरोधी रंगाच्या अनोळखी माणसाच्या हातातही ताटली देतात. त्याला पंगत म्हणा, अंगत कशाला?

राऊ
'अंगत' नुसता नादासाठी आलेला आहे, जेवणबिवण मधल्या बिवणासारखा.

जुनाकोश
नाही. अंगत अंगापासून, जो तो आपल्या अंगाने, आपल्या खर्चाने. उद्या दाखले देतो.