छोट्या विमानाला स्वीप कशाला?
पंख मागे झुकवले (म्हणजे स्वीप दिला) की छोटं विमानही जास्त पळेल, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. स्वीपचा फायदा दिसतो तो साधारण मॅक ०.७ च्या (आवाजाच्या वेगाच्या ०.७ पट) पुढे, छोटं टू-सीटर ताशी २०० किमीने जाणार म्हणजे मॅक ०.१६ च्या आसपास, तिथे उलट लिफ्ट (वर उचलणारा जोर) कमी मिळते, स्पारला (पंखातल्या मुख्य तुळईला) पीळ बसतो आणि वजन वाढतं ते वेगळंच. मेसरश्मिट २६२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट विमानाचे पंख १८.५ अंश मागे घेतले तेसुद्धा मुळात इंजिनं जड निघाली म्हणून, सीजी (गुरुत्वमध्य) जुळवायला.

पण बिनशेपटीच्या फ्लाइंग विंगचं (जवळजवळ नुसता पंखच असलेल्या विमानाचं) कोणी बोललंच नाही. तिथे स्वीप बहुधा लागतो, कारण मागे गेलेली टोकंच शेपटीचं काम करतात. गुहागरला ओहोटी लागली की ओल्या पुळणीवर आम्ही थर्माकोलची असली विंग उडवतो, वर हवा कशी वाहते ते दिसायला लोकरीचे तुकडे चिकटवलेत आणि बारकासा कॅमेरा. उतरताना वेग पडला की टोकाकडची लोकर आधी बाहेर वळते, मग उलटी फडफडते, की एक टोक स्टॉल होऊन, म्हणजे लिफ्ट तुटून, बसलंच (आणि सर्व्होत, म्हणजे कंट्रोल हलवणाऱ्या मोटरीत, वाळू!). म्हणून टोकाला दोन-तीन अंश वॉशआउट, म्हणजे पुढची कड खाली असा पीळ, देतो, टॉप स्पीड जातो थोडा, जाऊदे. साध्या आयताकृती पंखाला ही कटकट फारशी नाही, तो मुळाकडूनच आधी स्टॉल होतो.