सल्ला हवा: बारा वर्षांच्या लेकीसोबत जुने कठीण गेम खेळायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

गिरगावची_मृणाल

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माहेरचा पोटमाळा आवरताना आमचा जुना टीव्ही गेम सापडला. दोन रिमोट, त्यातल्या एकाची वायर उंदरांनी कुरतडलेली, आणि तीन पिवळ्या कॅसेटी. आता तो चालत नाही. पण कॅसेट हातात घेतली आणि १९९६ ची मे महिन्याची सुट्टी डोळ्यांसमोर आली. मजल्यावर टीव्ही गेम फक्त आमच्याकडे होता. दुपारी जेवणं झाली की दारात चपलांचा ढीग पडायचा. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात, हा नियम. आई दर अर्ध्या तासाने आतून ओरडायची, बंद करा, पिक्चर ट्यूब जाईल.

सगळे गेले की संध्याकाळी मी आणि दादा कॉन्ट्रा खेळायचो. लाइफ तीन, आणि एक गोळी लागली की मेलाच. तिसरी स्टेज धबधब्याची, वर वर चढत जायचं. दादा भराभर उड्या मारत पुढे जायचा, स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकायची, आणि खाली राहिलेली मी फुकट मरायचे. त्यावरून आमची किती भांडणं झाली असतील! दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचोच. तो गेम तीन लाइफमध्ये आमच्याकडून कधीच संपला नाही.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत. हुशार आहे, पण हरणं सोसत नाही. बुद्धिबळात दोन डाव हरली, क्लास सोडला. फोनवरच्या गेममध्ये मेली की जाहिरात बघून जिवंत होते, नाहीतर गेमच काढून टाकते. तिला उपदेश करून काही होणार नाही हे मला कळतं. मला तिच्या शेजारी बसून हरायचं आहे, पुष्कळ वेळा, आणि मग एकदा दोघींनी मिळून जिंकायचं आहे.

तर पहिला गेम कोणता घेऊ? मधेच सेव्ह करण्याची सोय तिला वापरू द्यावी का? आणि आणखी एक. लॅपटॉप एलईडी टीव्हीला जोडून मी मारिओ खेळून पाहिला. झोपेतही ओलांडले असते अशा खड्ड्यांत पडत होते. हे वयामुळे की टीव्हीमुळे?

---

सोल्डर_गन

मृणालताई, टीव्हीमुळे. आधी हे निस्तरा, मग गेम निवडा.

जुन्या डबा टीव्हीत सिग्नल आला की जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर उमटायचा. आताचा टीव्ही आधी चित्र घेतो, गुळगुळीत करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. काही टीव्हींवर यात शंभर मिलिसेकंदांपर्यंत वेळ जातो. हे गेम सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवतात, म्हणजे तुम्ही बटण दाबल्यावर सहा फ्रेम उलटून गेल्यावर मारिओ उडी मारताना दिसतो. तोवर पाय खड्ड्यात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि चालू करा. हालचाल गुळगुळीत करणारा जो पर्याय असतो तो बंद करा. कंट्रोलर शक्यतो वायरचा घ्या. लॅमिंग्टन रोडला साधे यूएसबी कंट्रोलर मिळतात, पण विकत घेण्यापूर्वी दुकानातच त्याचं दिशांचं बटण दाबून बघा. उजवीकडे दाबताना अंगठा जरा वर सरकला आणि त्याने 'वर' धरलं, तर तो कंट्रोलर घेऊ नका.

त्या जुन्या कॅसेटी फेकू नका. आपण सगळे फुंकर मारायचो, पण खरं काम फुंकरीने होत नव्हतं, काढून पुन्हा नीट बसवल्याने होत होतं. फुंकरीतली वाफ त्या पिनांना उलट खराब करते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, वाळू द्या. अडॅप्टर मात्र जुना लावू नका. कुरतडलेल्या रिमोटचा फोटो टाका, पाच तारा जोडायच्या असतात, जमेल तुम्हाला.

---

टोकनवाला_दादर

धागा वाचून राहवलं नाही. कॉलेजात असताना दोन वर्षं मी एका गेम पार्लरमध्ये संध्याकाळी टोकन द्यायला बसायचो. रुपयाला एक टोकन. सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'ला. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण आपल्याकडे तो गेम त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याच्याच नावाने ओळखला गेला.

हे गेम इतके कठीण का, ते तिथे बसल्यावर कळलं. मशीनच्या आत बोर्डावर बारीक स्विच असतात. किती लाइफ द्यायच्या, शत्रू किती तिखट ठेवायचे, हे त्यावरून ठरतं. एक पोरगा एका टोकनवर अर्धा तास उभा राहिला की मशीनचा धंदा बसतो. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत माणूस मरावा, पण 'आणखी थोडं जमलं असतं' असं वाटूनच मरावा, अशी त्यांची बांधणी. घरी खेळायचे गेम बनवणारी मंडळी यातूनच आलेली, त्यांनी तीच सवय कॅसेटमध्ये आणली.

दुसरं कारण जागेचं. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५ चा, अख्खा ४० किलोबाइटचा आहे. बत्तीस लेव्हली, गाणी, चित्रं, सगळं त्यात. कुणी मोबाइलवर पाठवलेला गणपतीचा एक फोटोही याच्या कित्येक पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत महिनाभर पुरेल असा खेळ द्यायचा तर तो सहज संपून कसा चालेल?

आणि बनवणाऱ्यांनाही ते जड जायचंच. कोनामी कंपनीचा ग्रेडियस १९८६ मध्ये घरच्या मशीनवर आणताना तो बनवणारे काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी तो पूर्ण खेळता येईना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक गुपित बटणक्रम ठेवला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो काढायचा राहून गेला. पुढे कॉन्ट्रात त्याच क्रमाने तीस लाइफ मिळायला लागल्या. आपल्याकडे प्रत्येक वाडीत तो कुणाच्या तरी मावसभावाकडून आला. २०२० मध्ये हाशिमोतो गेले तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

ताई, माझं मत विचाराल तर सेव्हची सोय देऊ नका. तीन लाइफ म्हणजे तीन लाइफ. हात थरथरतो तो त्यामुळेच.

---

अनघा_ठाणे

टोकनवाला, तुमची माहिती आवडली, पण शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. तुम्हीच सांगताय की बराचसा कठीणपणा टोकन खपावीत म्हणून होता. मग त्याची शिस्त आजच्या मुलीला कशाला?

मी मुलांना पोहायला शिकवते. माझा एक साधा निकष आहे: चुकल्यावर मुलाला 'आता काय वेगळं करायचं' हे कळलं, तर ती चूक कामाची. नुसतं नाकातोंडात पाणी गेलं तर ते मूल पुढच्या वेळी पायरीवरच बसून राहतं. गेमलाही तोच निकष लावा.

मारिओची पहिली लेव्हल बघा. पहिला शत्रू समोरून सावकाश येतो, मागे बक्कळ जागा आहे. उडी मारा नाहीतर मरा, आणि मेलात तर तीन सेकंदांचंच नुकसान. मग ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे जातो, पाइपला आपटून परत तुमच्याकडे येतो. मोठं झाल्यावर कळतं की ही चांगली वस्तू होती. एक अक्षर न लिहिता शिकवलंय. हा गेम कठीण आहे, पण तुमच्याशी प्रामाणिक आहे.

याउलट घोस्ट्स एन गॉब्लिन्स. कॅपकॉमचाच, १९८५ चा. दोन फटक्यांत हाडं. हवेत उडी घेतली की दिशा बदलता येत नाही. आणि जिवाचं रान करून शेवटाला पोचलात की सांगतात, हा सगळा भास होता, आता पहिल्यापासून पुन्हा खेळा. ज्यांना आवडतो त्यांनी जरूर खेळावा. पण हरणं सोसत नाही अशा मुलीला पहिल्याच आठवड्यात हा दिलात तर ती पुन्हा तुमच्या शेजारी बसणार नाही.

माझा क्रम असा: आधी मारिओ. त्यात एक सोय मुळातच आहे, ती बेईमानी नाही: गेम ओव्हर झाल्यावर ए धरून स्टार्ट दाबलं की त्याच वर्ल्डच्या सुरुवातीला येता. मग मेगा मॅन २, १९८८ चा. आठ बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटचे मोठे शत्रू, कुणाकडेही आधी जा. एकाला हरवलं की त्याचं शस्त्र तुमचं, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी जड जातं. हीट मॅनच्या स्टेजमध्ये गायब होणाऱ्या ठोकळ्यांवर माझा मुलगा रडकुंडीला आला होता. मग एअर मॅनला हरवून उडायची वस्तू मिळवली आणि त्यांच्यावरून तरंगत गेला. अडलं तर दुसऱ्या वाटेने जाऊन काहीतरी घेऊन परत यायचं, हे त्याला तिथे समजलं. मेगा मॅन लेगसी कलेक्शनमध्ये पहिले सहाही एकत्र मिळतात.

सेव्ह द्या, पण फक्त स्टेजच्या सुरुवातीला. दर उडीला सेव्ह केलं तर उडी शिकायची गरजच उरत नाही.

---

टोकनवाला_दादर

पोहण्याचं उदाहरण पटलं. स्टेजच्या सुरुवातीला सेव्ह, हे मान्य. माझं वाक्य मागे घेतो.

---

निशाचर_विरार

मी सगळ्यात लहान दिसतोय इथे, माझा जन्म २००४ चा. मला या गेमची आठवण नाही, तरी मी हेच खेळतो. म्हणून माझी बाजू सांगतो.

आमच्या फोनवरचे गेम आम्हाला हरूच देत नाहीत. रोज उघडलं म्हणून बक्षीस, हरलो म्हणून बक्षीस, पैसे भरले तर तलवार मोठी. तिथे जिंकलो तरी ते माझं वाटत नाही. जुन्या गेममध्ये लेव्हल तीच, शत्रू तेच, काल होते तिथेच. बदललेला असतो फक्त मी. विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी मी हातातल्या मशीनवर कॅसलव्हेनिया काढतो, आणि बोरिवली येईपर्यंत एक जिना जमतो.

ताई, नव्यांपैकी दोन नक्की घ्या. सेलेस्ट, २०१८ चा. डोंगर चढणारी मुलगी आहे. शेकडो वेळा मराल, पण लाइफ मोजत नाहीत आणि मेल्यावर त्याच पडद्यावर लगेच उभं करतात. कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात, डोळ्यांना ते कळत नाही, हाताला कळतं. शिवाय एक मदतीचा पर्याय आहे, गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो आणि कुणी त्याबद्दल हिणवत नाही. दुसरा शोव्हेल नाइट, २०१४ चा. मेलात की तुमचं थोडं सोनं तिथेच हवेत लटकतं. परत जाऊन आणायचं की सोडायचं, ते तुम्ही ठरवायचं. लेकीला विचारा ती काय करते, तिचा स्वभाव कळेल.

आणि तिला हे सांगा. टीव्ही गेमवरचा जुना टेट्रिस, १९८९ चा. २९ व्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगाने पडतात की पुढे माणसाला जमणारच नाही असं वर्षानुवर्षं मानत होते. मग मुलांनी कंट्रोलरच्या मागच्या बाजूने बोटं वाजवत बटण दाबायची रीत काढली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या लेव्हलला पोचला आणि गेमच थिजला. चौतीस वर्षांत एकाही माणसाने गेमला तिथवर नेलं नव्हतं. तो तुमच्या लेकीपेक्षा एका वर्षाने मोठा.

---

गिरगावची_मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

गेम मोड चालू केला आणि खड्डे पुन्हा माझ्या ओळखीचे झाले. लॅमिंग्टन रोडवरून दोन कंट्रोलर आणले, लेक सोबत आली होती, तिनेच दाबून दाबून चौथ्या दुकानात पसंत केले.

मारिओत पहिले तीन दिवस ती चिडायची. कंट्रोलर सोफ्यावर टाकून आत जायची. मी एकटीच खेळत राहायचे, आणि मरायचे. चौथ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू दर वेळी लवकर उडी मारतेस." मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. अनघाताई, तुमचा निकष मी तिला सांगितला नाही, पण आता ती मेली की स्वतःशीच पुटपुटते, लवकर, उशिरा, लवकर.

वर्ल्ड आठ अजून संपलेलं नाही. मधे तिला कॉन्ट्रा बघायचा होता. २०१९ चं कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन घेतलं, त्यात आमचाच जुना कॉन्ट्रा आहे. स्टेजच्या सुरुवातीला सेव्ह, तीस लाइफचा क्रम वापरायचा नाही, हे तिनेच ठरवलं. दादाला पुण्याला फोन लावून दिला, त्याने तिला स्प्रेड गन (पसरून गोळ्या सोडणारी बंदूक) कुठे मिळते ते पाठ असल्यासारखं सांगितलं.

परवा धबधब्याला पोचलो. ती माझ्यापेक्षा चपळ आहे, चार उड्यांत वर गेली. माझ्या पायाखालचा दगड स्क्रीनच्या कडेला टेकला होता. आणि ती थांबली. वरून गोळ्या येत होत्या, ती आडवी पडून राहिली आणि मला म्हणाली, "ये ना, मी आहे इथे." मी वर पोचले आणि मगच ती पुढची उडी मारायला उठली. वरचा बॉस मात्र दोघींनाही आठ वेळा मारून गेला, नवव्यांदा पडला.

आता चौथ्या स्टेजला अडकलोय, आत आत जायचं असतं ती. समोरून गोळ्या आणि पायांत गडगडत येणारे ओंडके, दोन्ही एकदम. काय करावं?

---

टोकनवाला_दादर

गोळ्या आल्या की आडवं पडायचं, डोक्यावरून जातात. गडगडत आलं की उठून उडी. दोघींनी एकाच ठिकाणी उभं राहू नका, एक डावीकडे, एक उजवीकडे. भिंतीवरचे डोळे वाटून घ्या. आणि समोरच्या अडथळ्यातली वीज चालू असताना पुढे पाऊल टाकू नका, झटका बसतो.

पाचवी बर्फाची आहे. पोचलात की इथे लिहा.