यजमानाच्या रंगात मिसळणारी कोळंबी कशी शोधावी?

प्रश्न: डायव्हिंगमध्ये फेदर स्टार (पिसांसारख्या बाहूंचे, तारामाशाच्या नात्यातले प्राणी) आणि समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री प्राणी) भरपूर दिसतात, पण त्यांवर राहणारी बारीक कोळंबी काही नजरेस पडत नाही. शोधायची कुठे? फोटोसाठी सेटिंग काय ठेवू?

प्रतिसाद १: आधी यजमान, म्हणजे कोळंबी ज्यावर राहते तो प्राणी, नीट बघा, कोळंबी नंतर. फेदर स्टारवर लाओमेनेस जातीची असते, जेमतेम दोन सेंटिमीटरची. अंगावर लांबट पट्टे असतात आणि ते बाहूंच्या रेषांशी इतके जुळतात की नजर घसरून जाते. बाहू जिथून फुटतात, त्या मधल्या चकतीपाशी पाहा. फेदर स्टारचं तोंड वरच्या बाजूला असतं, बाहूंवरून अन्न तिकडेच सरकत येतं आणि कोळंबी त्यातलं उचलते. टॉर्च समोरून मारला तर ती बाहूच्या मागे जाते. प्रकाश बाजूने, तिरपा टाका आणि थांबा. बाहू बोटांनी उघडू नका. ते चिकटतात आणि पटकन तुटतात.

प्रतिसाद २: समुद्रकाकडीवर एम्परर कोळंबी शोधा: नारिंगी-लाल अंग, पांढरे ठिपके, जांभळे चिमटे. स्पॅनिश डान्सर या मोठ्या गोगलगाईवर ती बहुधा कल्ल्यांच्या पिसाऱ्यापाशी असते. तारामाशावरची मात्र बऱ्याचदा खालच्या बाजूला असते, म्हणून लोक तारामासा उलटा करतात. हे करू नये. त्याला सरळ व्हायला वेळ लागतो, आणि तोवर मऊ बाजू माशांसमोर उघडी राहते.

प्रतिसाद ३: फायर अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यावर कोलमन कोळंबी असते. काट्यांमधल्या मोकळ्या जागेत बहुतेक जोडीच बसलेली, मादी मोठी. त्या काट्यांना विषाच्या पिशव्या असतात, तेव्हा तोल जाण्याइतकं जवळ जाऊ नका.

फोटोला १०० मिमी मॅक्रो, एफ/१६, १/२०० सेकंद, आयएसओ १००-२०० आणि स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश). ऑटोफोकस हमखास बाहूवर अडकतो. फोकस लॉक करून कॅमेराच मिलिमीटरभर पुढे-मागे हलवा आणि डोळा धारदार दिसला की शटर दाबा. पारदर्शक अंगावर स्ट्रोब जोरात पडला की तपशील पांढरा होतो. म्हणून तो बाजूला सरकवून ताकद कमी करा.

प्रतिसाद १: एक भर. यजमान बदलला की कोळंबी लगेच रंग बदलेल, असं समजू नका. ऑक्टोपसचा रंग मज्जातंतूंवर चालतो, म्हणून क्षणात पालटतो. कोळंबीच्या रंगपेशी मुख्यतः हार्मोनवर चालतात, त्यामुळे बदल सावकाश होतो. म्हणूनच यजमानावरून उडवलेली कोळंबी माशाला सहज सापडते.