घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस घ्यायचा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या पीसीवरच्या अँटिव्हायरसची मुदत महिनाअखेर संपते आहे. तोच रिन्यू करावा, दुसरा घ्यावा की विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसवर भागवावं, काही ठरत नाहीये.

मशीन जुनं आहे: सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. मी घरी बसून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या काही छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघते. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीची रिटर्न, पार्ट्यांची बिलं, सगळं यावरच. सासरे यावरच बँकेचं खातं बघतात, लाइट बिल भरतात. मुलगा शिवाजी विद्यापीठात आहे, प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो.

खरी धास्ती त्या पेन ड्राइव्हची. परवा त्याने तो लावला, तर फोल्डरांची नावं तीच, पण प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक बाण आणि साइज जेमतेम एक-दोन केबी. मुलगा म्हणतो, "आई, तिथं सगळ्यांच्याच पेन ड्राइव्हचं असं होतंय, डबल क्लिक केलं की उघडतं." मी हात लावू दिला नाही, काढून कपाटात ठेवलाय. पण प्रोजेक्टची एकुलती एक प्रत त्यातच आहे.

माझ्या स्वतःच्या फायली असत्या तर एवढा घोर लागला नसता. पण लोकांनी विश्वासाने हिशेब माझ्याकडे दिलेत. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस शिरून ते लॉक झाले तर मार्चएंडला मी त्यांना काय सांगू?

राजारामपुरीतले एक दुकानदार म्हणतात, डिफेंडर काही कामाचा नाही, टोटल सिक्युरिटी घ्या, तीन वर्षांचं घेतलंत तर स्वस्त पडेल. पुण्याला आयटीत असलेला भाचा म्हणतो, मावशी, एक रुपयाही घालवू नकोस. दोघंही ठाम. मला क्विक हील या अँटिव्हायरसबद्दल आपुलकी आहे, काटकर बंधूंनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून एवढी कंपनी उभी केली. पण नुसत्या आपुलकीवर दुसऱ्यांचे हिशेब कसे सोपवायचे? शिवाय स्कॅन सुरू झालं की टॅली उघडायलाही वाट बघावी लागते.

विकतच्यात असं काय जास्त मिळतं, आणि या मशीनला ते झेपेल का?

प्रतिसाद १

ताई, क्लिक करू दिलं नाहीत हे फार बरं झालं. तो शॉर्टकट व्हायरस आहे. फायली बहुतेक वेळा जात नाहीत, लपवलेल्या असतात. आहे तो अँटिव्हायरस आधी अपडेट करा, पेन ड्राइव्ह लावा आणि काही न उघडता राइट क्लिक करून स्कॅन करा. मग व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. तरी दिसलं नाही तर भाच्याला लपलेल्या फायली परत दाखवणारी 'ॲट्रिब' कमांड चालवायला सांगा. प्रोजेक्टच्या वर्ड आणि पीडीएफ फायली तेवढ्या उचला आणि ड्राइव्ह फॉरमॅट मारा. यापुढे प्रिंटसाठी पीडीएफ मेल केलेली बरी.

आता मूळ प्रश्न. मला अँटिव्हायरसपेक्षा तुमच्या विंडोज १० ची काळजी वाटते. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्यातली भोकं बुजवणारे अपडेट नेहमीप्रमाणे येत नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती, त्यांची मशीनं अडकली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, तेव्हा तुमचं मशीन त्यात बसत नाही. पण विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची, म्हणजे ईएसयूची नोंदणी आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्ज सिंक केल्या की पैसे पडत नाहीत. हे आजच करा.

डिफेंडर कामाचा नाही, हे जुन्या काळातलं मत आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था चाचण्या घेतात, त्यात तो विकतच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने दिसतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो बाजूला होतो, काढला की परत सुरू होतो. दोन एकत्र चालवायच्या फंदात पडू नका. रिन्यूअलचे पैसे एसएसडीत, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कमध्ये घाला, टॅली पळायला लागेल. आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. बॅकअप झाला की तिची वायर काढायची. जोडून ठेवलीत तर रॅन्समवेअर तीही लॉक करतं.

प्रतिसाद २

मी थोडं वेगळं सांगतो. मशीनकडे नियमित लक्ष देणारं घरात कोणी नसेल तर विकतचा घेतलेला चुकीचा नाही, अडलं तर फोन करायला माणूस मिळतो. पण तीन वर्षांचं नको, या मशीनचंच तेवढं आयुष्य नाही.

सासऱ्यांसाठी मात्र वेगळं स्टँडर्ड अकाउंट करा, ॲडमिनचं नको. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं स्क्रीनभर आलं आणि त्यांनी फोन लावून समोरच्याला आपल्या हाताने रिमोट, म्हणजे दुरून कॉम्प्युटरचा ताबा दिला, तर कुठलाही अँटिव्हायरस हमखास वाचवेल असं नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मॉनिटरला चिकटवून ठेवा. पैसे गेलेच तर पहिल्या काही मिनिटांत तिथे फोन जायला हवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रोजेक्ट सापडला! ईएसयूची नोंदणीही झाली. रिन्यू करत नाही, एसएसडी बघते. एकच शंका: डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' दिसतंय, ते चालू केलं तर टॅली अडेल का?

प्रतिसाद १

अडू शकतं, कारण ते अनोळखी प्रोग्रॅमला संरक्षित फोल्डरांत बदल करू देत नाही. जुना अँटिव्हायरस काढल्यावरच ते चालू करा. टॅलीचा डेटा फोल्डर संरक्षित यादीत घाला आणि 'अलाऊ ॲन ॲप'मध्ये टॅलीची मुख्य फाइल जोडा. मग एक खोटं व्हाउचर टाकून सेव्ह होतंय का बघा, आणि ते डिलीट करायला विसरू नका.