शब्दचर्चा : ‘आमिष’ नेमके कशाला म्हणावे?

प्रश्न : धर्मप्रसारक संस्थेने शिधा-औषधे वाटली की सरसकट ‘आमिष’ लिहितात. हा वापर बरोबर आहे का? की ‘प्रलोभन’ म्हणावे?

उत्तर : आमिष म्हणजे मुळात मांस (‘निरामिष’ त्यातलेच), मग गळाला लावायचा तुकडा. म्हणजे देण्यामागे डाव हवा. नुसती मदत आमिष नव्हे, देणारा कोणीही असो. ‘प्रलोभना’त लोभ आहे, उपाशी माणसाला अन्नाचा लोभ सुटला म्हणणे क्रूरच. तिथे अट घातली असेल तर ‘अडवणूक’ नेमके बसते.

पुरवणी : आयर्लंडच्या १८४५-५२ च्या दुष्काळात काही प्रोटेस्टंट प्रसारकांवर सूपच्या बदल्यात पंथ बदलायला लावल्याचा आरोप झाला. त्यातून ‘सूपर’ (souper, सूपवाला) ही शिवी निघाली आणि ती सूप घेऊन पंथ बदलणाऱ्यालाही चिकटली! ‘आमिषाला बळी पडला’ म्हणतानाही दोष असाच घेणाऱ्याकडे सरकतो. त्याच दुष्काळात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बिनशर्त सूप वाटले. सूप तेच, फरक अटीचा.

प्रश्न : पण अट कोणी लिहून थोडीच देतो?

उत्तर : वाटपाची पद्धत पाहा. लाभार्थी यादी कोण करते, निकष काय, प्रवचनाची हजेरी त्या यादीला जोडली आहे का? प्रवचनाला न आलेल्याला पुढच्या वाटपात शिधा मिळाला का? ही शेवटची तपासणी सर्वांत बोलकी. प्रार्थना वाटपाआधी ठेवली की रांगेतल्याला उठून जाता येत नाही; वाटपानंतर, वेगळ्या जागी, वेगळ्या माणसांनी घेतली तर ‘ऐच्छिक’ला थोडा अर्थ उरतो. मुलांच्या धर्मशिक्षणाची संमती शाळाप्रवेशाच्या अर्जातच घेतली असेल, तर तिला संमती म्हणू नये.

रेड क्रॉस चळवळ आणि मदतसंस्थांची १९९४ची आचारसंहिता हेच सांगते: संस्थेला स्वतःचे धार्मिक मत असू शकते, पण मदत ते मत मानण्यावर अवलंबून नसावी. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही १९९३ साली ग्रीसविरुद्धच्या कोक्किनाकिस खटल्यात श्रद्धेची ‘साक्ष देणे’ आणि ‘अनुचित धर्मप्रसार’ वेगळे काढले.

सूचना : मग ‘सशर्त मदत’ म्हणू या?

उत्तर : वय, उत्पन्न याही अटीच की. ‘श्रद्धेच्या अटीवर मदत’ लिहावे. शब्द जास्त लागतात, पण अट सिद्ध नसेल तर ते लिहिताना हात थबकतो. ‘आमिष’ लिहिताना थबकत नाही.