मदत हवी आहे: काळ्या रानात चेनवाला लोडर घ्यावा का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, लहान कामांचा ठेकेदार. प्लॉट सपाटीकरण, पाया भरणी, शेततळ्याची माती हलवणं, अशी कामं घेतो. सध्याचं काम मंगळवेढ्याकडे आहे, अस्सल काळ्या रानात.

गेल्या आठवड्यात एका रात्रीच्या पावसानं माझा टायरवाला छोटा लोडर मागच्या चाकांवर एक्सलपर्यंत रुतला. चाक फिरवलं की अजून खाली. शेवटी पोकलेन बोलावून ओढून काढला. दोन दिवस गेले, वर मालकाची बोलणी. जीव तुटला अगदी.

आता जुना रबरी चेनवाला लोडर बघतोय, म्हणजे चाकांऐवजी रबराच्या रुंद पट्ट्यांवर चालणारा. चेनमुळे वजन मोठ्या जागेवर पसरतं, म्हणून ओल्या मातीत तो कमी रुततो, हे पटतं. बकेट काढून ऑगर (खड्डे पाडायला) किंवा फोर्क (माल उचलायला) लावता येतो, तेही सोयीचं. पण माझी निम्मी कामं मुरमाच्या, दगडी जागेवर असतात. तिथं जागेवर वळवलं की रबर कापतं, आणि नवी चेन टायरपेक्षा कितीतरी महाग.

ज्यांनी असं मशीन दोन्ही जमिनींवर चालवलंय त्यांनी सांगा, चेन किती तास टिकली? जुनं घेताना स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या चाकाचे) दात, खालचे रोलर याशिवाय काय तपासू? चेनमध्ये अडकलेली काळी माती रोज काढावीच लागते का? सोलापूर भागात अंडरकॅरेजचं (चेन, रोलर, स्प्रॉकेट या खालच्या भागाचं) काम नीट करणारा मेकॅनिक माहीत असेल तर कळवा. शनिवारी सौदा करायचाय.